रुमालात बांधलेला महाराष्ट्र

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे नाव घेतले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक चित्र उभे राहते. खांद्यावर घोंगडी, हातात स्वयंपाकाच्या चार भांड्यांचे गाठोडे आणि जुन्या कागदांच्या शोधात गावोगाव पायी हिंडणारा एक तापट विद्वान. चित्र खोटे नाही. पण ते इतक्या वेळा रंगवले गेले की हा माणूस नेमका कशासाठी हिंडत होता, हा साधा प्रश्न त्याखाली झाकून गेला. लढायांचे वृत्तान्त आणि मुत्सद्द्यांची पत्रे त्यांना हवी होतीच. परंतु त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग आहे तो घराण्यांच्या मिळकतीच्या कागदांचा. खरेदीखते, वाटणीपत्रे, दत्तकपत्रे, इनामाच्या सनदा, वतनाच्या तंट्यांचे महजर, आणि त्या तंट्यांत वादी-प्रतिवादींनी लिहून दिलेल्या करिना. ज्या घरांनी हे कागद पिढ्यान्‌पिढ्या जपले, त्यांना इतिहासाशी कर्तव्य नव्हते. शेत, पाटीलकी, देशमुखी हातची जाऊ नये, एवढ्यासाठी ते माळ्यावरच्या पेटीत रुमालात बांधून ठेवले होते. राजवाड्यांनी ते रुमाल सोडले आणि हक्काच्या कागदांत माणसांचा इतिहास वाचला.

त्यांचा जन्म २४ जून १८६३ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील, पेण तालुक्यातील वरसई या गावी झाला. १८५७च्या धामधुमीत उत्तर हिंदुस्थानात सापडलेले आणि त्या प्रवासाची हकिकत लिहून ठेवणारे विष्णुभट गोडसे याच वरसईचे. एवढ्याशा गावाने मराठीला दोन असे लेखक द्यावेत, हे नवलच. विश्वनाथ तीन वर्षांचे असताना वडील वारले आणि बालपण आजोळी गेले. पुढे शिक्षण पुण्यास झाले; काही काळ मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात, नंतर डेक्कन महाविद्यालयात. त्यांचे बंधू वैजनाथ काशिनाथ हे संस्कृतचे नामांकित प्राध्यापक झाले. विश्वनाथांचे मन मात्र नेमलेल्या पुस्तकांत कधी रमले नाही. ग्रंथालयातील आवडीची पुस्तके वाचावीत, व्यायाम करावा आणि परीक्षा जमल्यास द्यावी, असा त्यांचा क्रम होता. शाळा-महाविद्यालयांत आपल्याला काय मिळाले आणि काय मिळाले नाही, याचा हिशेब त्यांनी पुढे एका दीर्घ लेखात इतक्या रोखठोकपणे मांडला की तो आजही शिक्षकांनी वाचावा.

पदवीनंतर काही काळ त्यांनी शाळेत शिकवले. पण नोकरी त्यांच्या प्रकृतीला मानवली नाही. लग्न झाले होते. काही वर्षांतच पत्नी निवर्तली. त्यांनी पुन्हा संसार मांडला नाही. ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढून परभाषांतील उत्तम ग्रंथ मराठीत आणण्याचा उद्योग त्यांनी केला. ते मासिक दोन-तीन वर्षांत बंद पडले. इंग्रजीत लिहून विद्वानांच्या जगात नाव करणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी ते जाणूनबुजून टाळले आणि जन्मभर मराठीतच लिहिले. या हट्टाची किंमत त्यांना मोजावी लागली. महाराष्ट्राबाहेर त्यांचे नाव त्यांच्या योग्यतेच्या मानाने फार थोड्यांना माहीत झाले.

मराठ्यांचा इतिहास त्या काळी उपलब्ध होता तो मुख्यतः दोन ठिकाणी. एक, ग्रँट डफ यांच्या १८२६ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात. डफ हे साताऱ्यास कंपनी सरकारचे अधिकारी होते. त्यांना दरबारचे कागद पाहता आले आणि त्यांनी मेहनतही केली. मात्र पुस्तक राज्य घेणाऱ्याच्या नजरेने लिहिलेले होते. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच त्यावर टीका करून मराठी टीकेची वाट पाडली होती. दुसरे साधन बखरींचे. काशिनाथ नारायण साने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ पासून ‘काव्येतिहाससंग्रह’ काढून अनेक बखरी छापल्या. परंतु बखर ही घटनेनंतर, बहुधा कोणा थोराच्या आज्ञेवरून लिहिलेली असते. राजवाड्यांना हवा होता घटनेच्या वेळचा कागद.

असे कागद पुण्यात ढिगांनी होते. पेशव्यांचे सरकारी दप्तर इंग्रजांच्या ताब्यात आले होते आणि सरकारने ते सांभाळलेही होते. कारण उघड होते. इनामदार, वतनदार यांचे हक्क तपासायचे तर जुने हिशेब हाताशी असणे सरकारला सोयीचे होते. देशी संशोधकाला मात्र तेथे मोकळा प्रवेश नव्हता. सरकारी दप्तराचे दार बंद, म्हणून राजवाडे लोकांच्या दारी गेले. वाईस हाती लागलेल्या पत्रांवरून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. १७५० ते १७६१ या काळातली, पानिपताच्या मोहिमेपर्यंत येऊन पोहोचणारी ती पत्रे होती. त्यांना जोडलेल्या विस्तृत प्रस्तावनेत त्यांनी डफ यांच्या चुका एकेक करून दाखवल्या. पुढे या मालेचे एकूण २२ खंड झाले. ना पगार, ना सरकारी अनुदान, ना कायमचा आश्रयदाता. मित्रांकडून आणि जिज्ञासूंकडून जमेल तसा पैसा, मिळेल त्या गावचा छापखाना, असा हा संसार होता.

लोकांच्या दारी जाणे सोपे नव्हते. जुने कागद मागणाऱ्या परक्या माणसाकडे वतनदार संशयाने पाहत, याला सबळ कारण होते. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला व्यापक अधिकार मिळाले आणि दक्षिणेतल्या इनामदारांना आपापले पुरावे त्याच्यापुढे मांडावे लागले. ज्यांचे कागद अपुरे ठरले त्यांची इनामे गेली. त्या झडतीची आठवण दोन पिढ्यांनंतरही ताजी होती. कागद दाखवला तर जमीन जाईल, हे भय. आणि भाऊबंदांच्या हाती पडला तर दावा लागेल, हे दुसरे. दुसरीकडे, जेथे वतनाचा मोबदला ठरून गेला आणि नव्या मोजणीचे दाखले हाती आले, तेथे जुने मोडी कागद निरुपयोगी वाटू लागले. ते वाण्याच्या दुकानी पुड्या बांधायला गेले, वाळवीने खाल्ले, पावसात भिजून लगदा झाले. म्हणजे कागदाला किंमत आहे असे वाटले की तो दाखवला जात नसे, आणि किंमत नाही असे वाटले की तो उरत नसे. या दोहोंच्या मधल्या अरुंद फटीतून राजवाड्यांना काम काढायचे होते. घरमालकाशी तासन्‌तास गप्पा, त्याच्या कुळाची माहिती त्यालाच सांगून मिळवलेला विश्वास, आणि कित्येकदा रिकाम्या हाताने परत फिरणे, हे सारे त्यात आले. विनवणी करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. पण कागदासाठी ते तेही करीत.

एका साध्या वतनाच्या तंट्याचा कागद कसा असतो, हे पाहिले म्हणजे राजवाड्यांना त्यात काय दिसले ते कळते. पाटीलकीवर दोन घराणी हक्क सांगत. मग गोतसभा भरे. गावचे आणि शेजारच्या गावांचे पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन, बारा बलुतेदार, सारे बसत. सीमेचा तंटा असेल तर महारांची साक्ष विशेष मोलाची मानली जाई, कारण गावची शीव त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक नसे. दोन्ही पक्ष आपापली करिना लिहून देत. आमचा मूळ पुरुष कोण, तो कोठून आला, ओसाड पांढरीवर त्याने वस्ती कशी केली, त्याचे मुलगे किती, कोण दुष्काळात परागंदा झाला, कोण मारला गेला, कोणी पोट भरेना म्हणून अर्धी तक्षीम विकली, हे सगळे क्रमाने त्यात येई. निर्णय झाला की महजर होई आणि त्यावर सर्वांच्या निशाण्या पडत. पाटलाचा नांगर ठरलेला. सुतार, लोहार आदी बलुतेदार सहीच्या जागी आपापल्या हत्यारांची चित्रे काढीत. ज्यांची नावे कोणत्याही बखरीत कधी आली नसती, अशी शेकडो माणसे या कागदांवर आपल्या नांगर-हातोड्यांनिशी हजर आहेत.

या करिनांत वारंवार येणारी एक खूण म्हणजे दुर्गादेवीचा दुष्काळ. चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन बरीच वर्षे रेंगाळलेल्या त्या दुष्काळात देश ओस पडला, अशी आठवण घराण्यांत टिकून होती. नंतर जो आला, ज्याने रान तोडले, विहीर काढली, सरकारातून कौल घेतला, तो गावचा पाटील किंवा मिरासदार झाला. ओसाड जमीन लागवडीस आणणाऱ्याला पहिली काही वर्षे सारा कमी आणि मग चढता, अशी इस्तावा पद्धत होती. हे सारे पाहिले की महाराष्ट्रातील बरीच जुनी घराणी एके काळी नव्या वस्तीची घराणी होती, हे ध्यानात येते. अमेरिकेत पश्चिमेकडे सरकत गेलेल्या वसाहतवाल्यांच्या वंशजांनी आपली कुळे शोधली ती मृत्युपत्रे आणि जमिनीची खते चाळून. आपल्याकडे मृत्युपत्राचा प्रघात जवळजवळ नव्हता. वडिलार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मतःच ठरलेला. कोणाला काय द्यावे हे मरणाऱ्याने लिहिण्याचा प्रसंग सहसा येतच नसे. हिंदूंच्या मृत्युपत्रांचा कायदा आला तोच १८७० साली, आणि तोही आरंभी मोजक्या प्रदेशांपुरता. त्यामुळे तिकडच्या मृत्युपत्राचे काम इकडे वाटणीपत्र, दत्तकपत्र आणि तंट्याची करिना यांनी केले. भाऊबंदकीला आपण कितीही नावे ठेवली, तरी तिने इतिहासाची फार मोठी सेवा केली आहे. जी घरे भांडली त्यांची वंशावळ उरली. सुखाने नांदलेल्या घरांचा पत्ता बहुधा लागत नाही.

राजवाड्यांनी पंधराव्या खंडापासून ‘शिवकालीन घराणी’ या नावाने अशा कागदांचे अनेक खंड काढले. त्यांत भोरच्या बाजूच्या रोहिडखोऱ्यातील वतनदारांचे कागद आहेत. या खोऱ्याची कथा सर्वपरिचित आहे; पण ती वतनाच्या बाजूने वाचली की निराळी दिसते. कारीचे जेधे आणि उत्रवळीचे खोपडे ही शेजारशेजारची देशमुख घराणी. १६५९ साली अफझलखान चालून आला, तेव्हा विजापूरची फर्माने सर्व देशमुखांना पोहोचली. खोपडे खानाला मिळाले. कान्होजी जेधे मुलांसह शिवाजी महाराजांकडे आले, आणि वतन जाईल हे माहीत असताना त्यावर पाणी सोडून उभे राहिले, असे जेधे घराण्याची करिना सांगते. पुढे खंडोजी खोपडे हाती सापडला. कान्होजींनी रदबदली केल्यामुळे त्याचा जीव वाचला. मात्र महाराजांनी त्याचा एक हात आणि एक पाय तोडविला. एका खोऱ्यातले दोन देशमुख, एकाच भीतीने दोन दिशांना गेले. स्वराज्य उभे राहिले ते अशा घराघरांतल्या निवडीवर. ती निवड किती कठीण होती, हे वतनाचे मोल समजल्यावाचून कळत नाही. पोवाड्यांत तिचा भार जाणवत नाही, या कागदांत जाणवतो.

याच जेधे घराण्याकडून मिळालेली शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केली आणि शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा सगळा वाद नव्याने पेटला. फाल्गुन वद्य ३, शके १५५१ ही तिथी त्या शकावलीत होती. तोवर वैशाखातली, शके १५४९ची तिथी रूढ होती. महाराष्ट्र शासनाने १९ फेब्रुवारी १६३० हा दिवस स्वीकारला तो २००१ साली, म्हणजे शकावली छापल्यावर ८५ वर्षांनी. एका देशमुखाच्या घरच्या टिपणाने राज्याची सुटी ठरावी, हा राजवाड्यांच्या वाटेने गेलेल्या शोधाचा विजयच म्हटला पाहिजे.

अर्थात घरच्या कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. हक्कासाठी कागद जपला जातो, तसा हक्कासाठी तो बनवलाही जातो. मोडी अक्षराचे वळण कोणत्या काळाचे, कागद कोणता, शिक्का कोणाचा आणि कोणत्या जागी, मायना लिहिणाऱ्याच्या व वाचणाऱ्याच्या दर्जाला साजेसा आहे की नाही, असे अनेक कस राजवाडे लावीत. कालगणनेचा घोळ वेगळाच. एका कागदावर शालिवाहन शक, दुसऱ्यावर अरबी संख्यावाचक शब्दांतला शुहूर सन, तिसऱ्यावर फसली, आणि १६७४ नंतरच्या छत्रपतींच्या कागदांवर राज्याभिषेक शक. यांचा मेळ घालण्याची सोय करणारी साधने त्या वेळी फार थोडी होती. बरेचसे गणित स्वतःच करावे लागे. इतके करूनही त्यांनी छापलेले सगळेच कागद कसोटीला उतरले असे नाही. रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभू यांना उद्देशून असलेले १६४५ सालचे प्रसिद्ध पत्र पंधराव्या खंडातलेच. त्याच्या अस्सलपणाबद्दल इतिहासकारांत पुढे पुष्कळ वाद झाला. राजवाड्यांचे श्रेय असे की, कागद त्यांनी जसाच्या तसा समोर ठेवला, त्यामुळे वाद घालणाऱ्याला तो घालता आला.

७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, ते राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या पुढाकाराने. एकट्याने हिंडण्याला त्यामुळे संस्थेचे रूप आले. साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस, मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे अशी मंडळी आपापल्या परीने कागद मिळवीत होतीच. मंडळामुळे नव्या पिढीतल्या तरुणांना वळण लागले. राजवाड्यांचे मात्र मंडळाशी फार काळ जमले नाही. संस्था म्हटली की नियम आले, बहुमत आले. आणि बहुमताने ठरवलेले मान्य करणे हा गुण त्यांच्याजवळ कमीच होता. त्यांचे मतभेद लवकर भांडणावर येत, आणि भांडण मिटवण्याची कला त्यांनी कधी शिकून घेतली नाही.

त्यांच्या दोषांचा विचार करताना केवळ स्वभावाकडे बोट दाखवून भागत नाही. कागद वाचताना सावध असणारा हा संशोधक, निष्कर्ष काढताना अनेकदा आपल्या जातीच्या आणि वर्णव्यवस्थेविषयीच्या कल्पनांच्या आहारी जाई. मंडळाच्या प्रकाशनातून त्यांनी चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंविषयी जे लिहिले, त्याने त्या समाजात संताप उसळला. १९१८ साली पनवेलच्या केशव सीताराम ठाकरे यांनी, म्हणजे प्रबोधनकारांनी, ‘कोदंडाचा टणत्कार’ हे पुस्तक लिहून त्यांना आणि मंडळाला खणखणीत उत्तर दिले. स्वराज्याच्या उभारणीत ज्या प्रभू घराण्यांनी रक्त सांडले, त्यांचेच कागद राजवाड्यांनी आपल्या खंडांत छापलेले होते. त्यांना ते स्मरले नाही, की स्मरूनही कलम आवरता आले नाही? दोन्हींपैकी काहीही असो, ही त्यांच्या विद्वत्तेवरची डागाळलेली जागा आहे. मराठ्यांच्या कुळांविषयी ‘राधामाधवविलासचंपू’च्या प्रस्तावनेत त्यांनी मांडलेल्या मतांनाही असाच विरोध झाला. शहाजीराजांच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीचे हे काव्य त्यांनी १९२२ साली संपादित केले. शहाजीराजांच्या कर्तृत्वाला इतिहासात योग्य जागा मिळवून देण्याचे काम त्याच प्रस्तावनेने केले, हेही तितकेच खरे.

मुंबई-ठाणे परिसरातल्या वाचकाला सर्वांत जवळचे वाटावे असे त्यांचे काम म्हणजे १९२४ साली छापलेली ‘महिकावतीची बखर’. बखर हे नाव असले, तरी तिचे पोट वंशावळींचे आणि गावांच्या वाटण्यांचे आहे. बाराव्या शतकात प्रतापबिंब राजा चांपानेरहून उत्तर कोकणात उतरला. त्याच्यासोबत ६६ कुळे आली. राजाने माहीमला राजधानी केली आणि कुळांना गावे वाटून दिली, अशी तिची कथा. आख्यायिका आणि इतिहास तिच्यात एकमेकांत गुंतलेले आहेत, पण बखरीचे काही भाग कधी व कशासाठी लिहिले गेले, हे तिच्यातच सांगितले आहे. शके १३७०, म्हणजे इ.स. १४४८च्या सुमारास, मालाडच्या नायकोरावाच्या पुढाकाराने निरनिराळ्या कुळांची सभा भरली. राज्ये बदलली होती, कुळे विखुरली होती, कोण कोणाचा हे कळेनासे झाले होते. तेव्हा प्रत्येकाचे गोत्र, कुलदैवत, मूळ ठिकाण आणि मान एकदा लिहून ठेवावेत, असे ठरले, आणि केशवाचार्यांनी ते लिहिले. ‘महाराष्ट्रधर्म’ हा शब्द, रामदासांच्या कितीतरी आधी, या बखरीत आढळतो. आज लोकल गाड्यांनी भरून वाहणाऱ्या मालाडात पावणेसहाशे वर्षांपूर्वी लोक आपली कुळे हरवू नयेत म्हणून जमले होते, ही गोष्ट राजवाड्यांनी ती पोथी छापली नसती तर किती जणांना कळली असती?

या बखरीला त्यांनी पुस्तकाच्या योग्यतेची प्रस्तावना जोडली. कातकरी, ठाकूर, वारली, कोळी यांच्यापासून पुढे एकावर एक येत गेलेल्या वस्त्यांचे थर त्यांनी उलगडून दाखवले. कोकणात अन्न सहज मिळे, म्हणून येथल्या सामान्य माणसाला वर कोणाचे राज्य आहे याची फिकीर नसे, असा सिद्धान्तही त्यांनी मांडला. हा सिद्धान्त वाचायला आकर्षक आहे. पण हातातल्या पोथीनेच तो पुरता टिकू दिलेला नाही. ज्यांना फिकीर नव्हती ते मालाडला जमले कशाला? आणि किनाऱ्यावर अन्न काही आपोआप पिकत नव्हते. पेण-पनवेलच्या बाजूला खाडीच्या पाण्याला बांध घालून खारजमिनी काढाव्या लागल्या. ज्यांनी बांध घातले त्यांना शिलोत्री नावाचा विशेष हक्क मिळे, आणि भरतीने बांध फुटला की तो पुन्हा घालण्याचे ओझेही त्यांच्याच शिरी असे. वरसईच्या या पुत्राला खारपाटाची माहिती असणारच. तरी मोठ्या सिद्धान्ताच्या ओघात तिला पुरेशी जागा मिळाली नाही.

ठाणे खाडीच्या अलीकडच्या किनाऱ्यावरचे आजचे सीवूड्स हे नावच मुळी नव्या वसाहतीचे. नेरूळ, दारावे, करावे, बेलापूर ही त्याच्या आजूबाजूची जुनी गावे, आगरी-कोळ्यांची, भातशेती, मिठागरे आणि मासेमारीवर जगलेली. मार्च १९७०मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचे ठरले. जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकांना देण्याची योजना आली. मग घरोघर शोध सुरू झाला तो जुन्या सातबाऱ्यांचा, फेरफारांचा, वारसनोंदींचा. पणजोबाच्या नावे कोणता सर्व्हे नंबर होता, त्याला मुले किती, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या आत्याचे नाव उताऱ्यावर लागले होते की नाही, हे प्रश्न पुन्हा एकदा जमिनीपायी विचारले गेले. वंशावळीचे प्रतिज्ञापत्र म्हणजे करिनाच. गोतसभेच्या जागी तहसील कचेरी आली, इतकेच. आज ज्या उंच इमारतींत महाराष्ट्राच्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे राहतात, त्यांच्या पायाखाली हे सगळे कागद आहेत. ते गोळा करणारा राजवाडे मात्र या किनाऱ्याला अजून लाभलेला नाही.

आयुष्याच्या उत्तरार्धात राजवाड्यांचे लक्ष कागदांकडून शब्दांकडे वळत गेले. १९०९ साली त्यांनी आपल्याला सापडलेल्या एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी संपादित केली होती आणि तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले होते. आता गावांची नावे, आडनावे आणि क्रियापदांचे धातू यांच्या व्युत्पत्ती ते हजारोंनी टिपू लागले. वस्ती कोणी केली याचा कागद मिळत नसेल, तर गावाचे नावच कागद समजून वाचावे, असा त्यामागचा विचार होता. त्यांतल्या बऱ्याच व्युत्पत्ती आज कोणी मानणार नाही. पण स्थलनामांकडे या नजरेने पाहणारे ते मराठीतले अगदी आरंभीचे अभ्यासक. भारतीय विवाहसंस्थेच्या इतिहासावर त्यांनी लेखन आरंभले तेव्हा सनातनी मंडळी खवळली. समाजव्यवस्थेविषयी इतका जुन्या वळणाचा हा माणूस, प्राचीन ग्रंथांत स्त्री-पुरुषसंबंधांविषयी जे आढळले ते मात्र न लपवता लिहीत गेला. पुरावा हाती आला की आपल्याच माणसांना तो रुचेल की नाही, हा विचार त्यांनी तेथे केला नाही. ते पुस्तक अपुरे राहिले आणि त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले.

अखेरचा काळ त्यांनी धुळ्याला काढला. टिपणे, कोशाच्या चिठ्ठ्या, पोथ्या आणि खानदेशातून जमवलेले कागद एवढाच प्रपंच भोवती होता. ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला. १९२७ साली धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्यांचा संग्रह मंडळाने सांभाळला. धातुकोश आणि नामांच्या व्युत्पत्तीचा कोश कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी त्यांच्या चिठ्ठ्यांवरून नंतर तयार केला.

पुण्याच्या पेशवे दप्तराचे दार उघडले ते राजवाडे गेल्यावर. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड सरकारतर्फे प्रसिद्ध केले. तोवर जेधे, खोपडे आणि त्यांच्यासारख्या कितीतरी घरांचे कागद छापून झाले होते. त्यांतल्या अनेकांच्या मूळ प्रती पुढे त्या घरांतही उरल्या नाहीत. १९५० साली परगणा आणि कुलकर्णी वतने आणि १९६२ साली मुलकी पाटीलकी कायद्याने संपुष्टात आली, तेव्हा माळ्यावरच्या पेट्यांत उरलेल्या रुमालांचे जपण्याचे शेवटचे कारणही गेले.